गॅन्डाल्फ मांत्रिक नव्हे

गेल्या पावसाळ्यात मारेगावी आठ-दहा मुलांना एक परदेशी गोष्ट वाचून दाखविण्याचा योग आम्हांस आला. पुस्तक जे. आर. आर. टॉल्किन यांचे 'द हॉबिट'. हाताशी इंग्रजी प्रतच होती, तेव्हा वाचता वाचता, वाक्यामागून वाक्य, मराठी करीत जाणे भाग होते. श्रोत्यांपैकी बहुतेकांच्या घरी वऱ्हाडी बोलतात, दोघातिघांच्या घरी कोलामी. म्हणजे आमची पुस्तकी मराठी ही त्यांतील काहींना मुळातच परकी. पहिल्या प्रकरणात बिल्बो नावाच्या सुखवस्तू, खुज्या गृहस्थाच्या दारी एक म्हातारा येतो. उंच निमुळती टोपी, लांब पांढरी दाढी, हाती काठी. त्याचे नाव गॅन्डाल्फ आणि इंग्रजीत तो आहे 'विझर्ड'. आम्ही फारसा विचार न करता 'मांत्रिक' म्हणून गेलो. खोलीतली हवाच पालटली. एक मुलगी शेजारणीला बिलगून बसली. मागून एकाने विचारले, "कोंबडं मागते का तो?"

आपल्या वाचकांना या प्रश्नाचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. आपल्या भागात मांत्रिक ही कल्पना नव्हे, तो हाडामांसाचा माणूस आहे. घरात ताप हटेना, दुभते जनावर आटले, की कोणीतरी त्याचे नाव सुचवितेच. मग लिंबू, नारळ, कोंबडे, आणि अखेरीस एखाद्या एकट्या पडलेल्या म्हातारीवर करणीचा आळ. महाराष्ट्रात २०१३ साली नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तो कुणी परीकथा वाचून भ्यायले म्हणून नव्हे. इंग्लंडमधल्या मुलाला 'विझर्ड' हा शब्द गोष्टीतच भेटतो. मारेगावच्या मुलाला 'मांत्रिक' गावात भेटतो. दुसऱ्या दिवशी आम्ही 'जादूगार' म्हणून पाहिले, तर मुलांच्या डोळ्यांपुढे जत्रेतला खेळवाला उभा राहिला आणि गॅन्डाल्फ टोपीतून कबुतर कधी काढतो याची ती वाट पाहू लागली. एका शब्दाने भीती आणली, दुसऱ्याने पोरकटपणा. टॉल्किन यांना या दोहोंपैकी काहीच नको होते. आपल्या पत्रांतून त्यांनी स्पष्ट केले आहे, की हे वृद्ध म्हणजे मानवी देह धारण करून पाठविलेले दूत, जवळजवळ देवदूतच. सक्ती करावयाची नाही, केवळ धीर द्यावयाचा आणि सल्ला द्यावयाचा, ही त्यांची मर्यादा.

मुलांच्या अद्भुतरम्य साहसकथांचे भाषांतर हा सोपा उद्योग समजला जातो. वाक्ये लहान, शब्द साधे, वाचक अजाण. मग अडचण ती कोणती? अडचण नेमकी इथे आहे. प्रौढांच्या कादंबरीत एखादा शब्द चुकला, तर वाचक आजूबाजूच्या मजकुरावरून सावरून घेतो. मूल शब्दाला शब्द म्हणूनच धरते आणि त्या एका शब्दातून सबंध पात्र उभे करते.

हाच शब्द स्पॅनिश भाषेत कसा गेला ते पाहण्यासारखे आहे. तेथे गॅन्डाल्फ 'मागो' आहे. बेथलेहेमला ताऱ्यामागून आलेल्या ज्या पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांना मराठी बायबल 'मागी' म्हणते, त्यांचेच हे स्पॅनिश नाव. स्पेनमध्ये ५ जानेवारीच्या रात्री मुले आपले जोडे बाहेर मांडून निजतात आणि प्रभुप्रकटीकरणाच्या सकाळी त्यांना तीन 'मागो' राजांनी आणलेल्या भेटी मिळतात. त्या मुलाच्या कानावर 'मागो' हा शब्द पडला की दूरवरून उंटावर बसून येणारा, पांढऱ्या दाढीचा, काहीतरी देऊन जाणारा पाहुणा त्याच्या मनात आधीपासूनच असतो. अनुवादकाला यासाठी काही कसब दाखवावे लागले नाही. त्याच्या भाषेतला सण त्याच्या मदतीला धावून आला.

यातही एक योगायोग आहे. टॉल्किन यांच्या मातोश्री १९०० साली कॅथलिक झाल्या. त्यापायी आप्तांचा रोष पत्करला, आणि १९०४ साली मधुमेहाने त्यांचे निधन झाले, तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता. वडील आधीच गेलेले. दोघा पोरक्या भावांना सांभाळले ते बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी. हे फादर जन्मले स्पेनमध्ये, त्यांचे मातृकुलही तिकडचे. त्यांची स्पॅनिश पुस्तके उचलून नेऊन हा मुलगा ती भाषा आपली आपण शिकू पाहत असे, आणि लहानपणी त्याने स्वतःसाठी जी एक भाषा रचली तिच्यावर स्पॅनिशची छाप होती. धर्मगुरूच्या कपाटातून उचललेल्या त्या भाषेत पुढे त्याच्याच कथा गेल्या. 'द हॉबिट' इंग्रजीत २१ सप्टेंबर १९३७ रोजी आले. स्पॅनिश वाचकांना ते प्रथम १९६४ साली ब्यूनोस आयरेसमध्ये मिळाले, 'एल ओबितो' या नावाने. त्या भाषेत 'इतो' हा लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय; म्हणजे आपण 'हॉबिटुला' म्हणावे तसे काहीसे. नाव टिकले नाही. १९८२ साली नवा अनुवाद आला तो 'एल हॉबिट' असा.

नावांविषयी टॉल्किन फार हळवे होते. डच आणि स्वीडिश अनुवादकांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधील नावांचे जे केले ते पाहून त्यांनी पुढच्या अनुवादकांसाठी नावांची एक मार्गदर्शिकाच लिहून काढली. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९७५ साली छापली गेली. तिच्यामागचा विचार मोठा गमतीचा आहे. लेखकाची बतावणी अशी, की आपण ही कथा रचलेली नाही, जुन्या एका हस्तलिखितावरून इंग्रजीत उतरविली आहे. तेव्हा जी नावे इंग्रजी दिसतात ती मुळात भाषांतरितच. म्हणून स्पॅनिशमध्ये जाताना ती स्पॅनिश व्हावीत. परक्या जुन्या भाषांतली नावे मात्र तशीच राहावीत. स्पॅनिश अनुवादकांनी हे मनावर घेतले. बॅगिन्समधली 'बॅग' ओळखून त्यांनी बिल्बोचे आडनाव 'बोल्सोन' केले. हॉबिटांचा मुलूख, इंग्रजीतला 'शायर', 'कोमार्का' झाला. दाढीवाल्या वृक्षपुरुषाला झाड आणि दाढी हे दोन शब्द एकमेकांत मुरवून 'बार्बोल' असे खणखणीत नाव मिळाले.

हे वाचून आम्हांसही हुरूप आला. 'शायर'साठी 'परगणा' हा शब्द अगदी नेमका बसला, यात शंका नाही. जुन्या कागदपत्रांचा वास असलेला, शांत, शेतसाऱ्याचा शब्द. मग बॅगिन्सचे काय? आम्ही 'पोतदार' सुचविले. पोते त्यात आहे, खजिना त्यात आहे आणि घराण्याचा भारदस्तपणाही आहे. स्वतःवर खूश होऊन आम्ही 'बिल्बो पोतदार' म्हणालो, आणि तत्काळ एकाने विचारले, "कोण्या गावचे पोतदार?" दुसऱ्याने तर त्यांची जातही सांगून टाकली. येथे स्पॅनिश आणि मराठी यांची वाट वेगळी होते. 'बोल्सोन' ऐकून स्पॅनिश मुलाला फक्त पिशवी आठवते. मराठी आडनाव ऐकताच गाव, जात, धंदा, कुणाकडे पाणी चालते नि कुणाकडे नाही, सगळे बिऱ्हाडच गोष्टीत शिरते. बिल्बोला आम्ही पुन्हा बॅगिन्स केले. परके नाव ठेवणे हा अनुवादकाचा आळस असतो असे आम्ही आजवर मानीत आलो होतो. आपल्या समाजात ती कधीकधी मुलांवर केलेली मेहेरबानी असते.

आपल्या भाषेला हा व्यवहार नवा नाही. अद्भुत प्रवासाची पाश्चात्य कथा मराठीत पूर्वीच आली: जॉन बन्यनच्या रूपककथेचा हरि केशवजी यांनी केलेला अनुवाद 'यात्रिकक्रमण' १८४१ सालचा, बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'हून सोळा वर्षे आधीचा. (बन्यनने वाटेवरच्या गुहेत एक जख्ख म्हातारा राक्षस बसविला आहे आणि त्याचे नाव 'पोप' ठेवले आहे, हे आपण कॅथलिकांनी हसून सोडून द्यावे.) त्याही मागे, १६१६ सालचे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' आहे. ते भाषांतर नव्हे, तरी भाषांतराचे सारे पेच त्यात आहेत. नवख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे आठवत. फादरांनी त्यांना पुराणाचाच साचा दिला, ओवी दिली, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्याचे धाडस केले. शब्द जुना, आशय नवा. चारशे वर्षांनंतर तो शब्द आपल्या उपासनेत राहिला नाही, परंतु ओवीचा ठेका कानात राहिला. काय टिकते आणि काय गळते, याचा एवढा लांब पल्ल्याचा अनुभव मराठीत दुसऱ्या कुणाकडे क्वचितच असेल.

मुलांसाठी म्हणून जाणीवपूर्वक हे काम ज्यांनी केले त्यांत भा. रा. भागवत यांना तोड नाही. ज्यूल व्हर्नच्या कथा त्यांनी मराठीत आणल्या. 'चंद्रावर स्वारी' हे एकच नाव घ्या. फ्रेंच कथेत तोफेतून उडालेला गोळा आहे. 'स्वारी' म्हणताच त्यात घोड्यांच्या टापा, मोहिमेची धामधूम आणि 'आमची स्वारी निघाली' मधली थट्टाही आली. 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हे तर त्याहून सरस. धूमकेतू म्हटले असते तर पंचांग आठवले असते. शेंडेनक्षत्र हा अंगणात खाटेवर पडून आजीने बोटाने दाखविलेला शब्द आहे, आणि त्याआधी 'मुक्काम' लावल्याने ते पोस्टाच्या पत्त्यावर येऊन बसले. भागवतांनी शब्द शब्दकोशातून काढले नाहीत, मुलांच्या तोंडून उचलले. आणि पुढे फुरसुंगीच्या बनेश फेणेला, म्हणजे आपल्या फास्टर फेणेला, त्यांनी स्वतंत्रपणे जन्माला घातले तो याच भाषेतून. त्यामानाने अलीकडच्या हॅरी पॉटरच्या मराठी आवृत्तीत पहिल्या भागाचे 'हॅरी पॉटर आणि परीस' हे शीर्षक आम्हांस अर्धेच पटले. परीस लोखंडाचे सोने करतो हे खरे. परंतु त्या कथेत दगडाचा मोह सोन्यासाठी नाही, मृत्यू टाळण्यासाठी आहे. संतांच्या परिसाला अमरत्वाची हाव ठाऊक नाही.

टॉल्किन मराठीत उशिरा आले. मीना किणीकर यांचा 'हॉबिट' २०११ साली पुण्याच्या डायमंड पब्लिकेशन्सने काढला आणि त्याच प्रकाशनाने मुग्धा कर्णिक यांच्याकडून 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मराठीत आणविले. तीन खंडांचा, स्वतःच्या भाषा आणि वंशावळ्या असलेला तो ग्रंथ हाती घेणे हेच धैर्याचे काम. त्याबद्दल मराठी वाचकाने कृतज्ञ असावे. आमचा विचार अडतो तो त्याच्या शीर्षकापाशी. 'स्वामी मुद्रिकांचा'. उच्चारून पाहावे: लय सुंदर आहे, उलटलेल्या शब्दक्रमाने जुन्या काव्याचा डौल आला आहे. पण स्वामी कोण? मूळ शीर्षकातला 'लॉर्ड' हा कथेचा नायक नव्हे. तो सॉरॉन, साऱ्या जगाला दास करू पाहणारा. मराठीत स्वामी म्हटले की हात आपोआप जोडले जातात. अक्कलकोटचे स्वामी आहेत, रणजित देसाईंचा 'स्वामी' आहे. आपल्या घरांत तर बिशपांना महागुरुस्वामी म्हणतात, आणि फादर स्टीफन्सनी हे संबोधन प्रत्यक्ष ख्रिस्ताला वाहिले. इंग्रजीतही 'लॉर्ड' हा शब्द प्रभूसाठी आहे, हे मान्य. ती धार लेखकाला कदाचित हवीही असेल. परंतु इंग्रजीत लॉर्ड हा जमीनदारही असतो. मराठी स्वामीपाशी ती दुसरी, रुक्ष बाजू फार क्षीण उरली आहे. 'मुद्रिका' हीसुद्धा हनुमंताने सीतेला नेऊन दिलेली, शकुंतलेच्या बोटातून गळलेली: ओळख पटविणारी, आठवण देणारी वस्तू. टॉल्किन यांची अंगठी माणसाला स्वतःचा विसर पाडते. मारेगावच्या एका मुलाने गोष्टीचा पुढचा भाग थोडक्यात ऐकून तिला 'अंगठ्यांचा धनी' म्हटले. शीर्षक म्हणून ते फार शोभिवंत नाही. पण धन्याची भीती त्यात आहे, आणि भक्ती मुळीच नाही.

याउलट काही ठिकाणी मराठी मूळ इंग्रजीच्याही पुढे जाऊ शकते. डोंगराच्या पोटात सोन्याच्या राशीवर झोपलेला स्माउग हा ड्रॅगन घ्या. प्रकटीकरणाच्या पुस्तकातील ड्रॅगनला मराठी बायबलने 'अजगर' म्हटले आहे, म्हणून आम्ही तेच म्हटले. ते चालले नाही. इकडच्या जंगलाशेजारी वाढलेल्या मुलांनी अजगर पाहिलेला असतो किंवा पाहिलेल्या माणसाकडून त्याची हकिकत ऐकलेली असते. "अजगर गिळते, जाळत नाही," असा निकाल मिळाला. तेव्हा आम्हांस आठवला तो धनावरचा भुजंग. पुरलेल्या हंड्यावर वेटोळे घालून बसलेला, ज्याचा जीव धनात अडकला म्हणून त्या योनीत गेला अशा कुण्या लोभी पूर्वजाचा भुजंग. विदर्भातल्या कोणत्याही गावात पडक्या वाड्याकडे बोट दाखवून ही गोष्ट सांगतात. स्माउगला पंख आहेत, अग्नी आहे, ते मुलांनी विनातक्रार मान्य केले. धनाला चिकटलेला जीव एवढे मूळ त्यांना आधीच ठाऊक होते. शिवाय कथेत पुढे ठेंग्यांचा राजा थोरिन त्याच सोन्याने वेडा होतो, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "आता हाच भुजंग होते." इतके नेमके भाष्य इंग्रजी टीकेतही थोडेच सापडेल.

सर्वांत कठीण प्रसंग गुहेतला. अंगठी घातल्याने अदृश्य झालेला बिल्बो वाट अडवून बसलेल्या गॉलमच्या पाठीशी उभा आहे. हाती तलवार आहे. समोरचा प्राणी दुष्ट आहे, त्याला मारून निसटता येईल. त्या क्षणी बिल्बोच्या मनात जे उमटते त्याला इंग्रजीत 'पिटी' म्हटले आहे, आणि तो मारीत नाही. पुढच्या मोठ्या ग्रंथाचा शेवट या न मारण्यावर टेकला आहे. अंगठीचा नाश अखेर गॉलममुळेच होतो, आणि तो दिवस लेखकाने २५ मार्च ठेवला आहे, म्हणजे मरियेला देवदूताचा निरोप मिळाल्याचा सण. ही कृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे असे टॉल्किन यांनी १९५३ साली एका पत्रात लिहिले होते. ते धर्मपण कथेत देवळाच्या रूपाने कुठेच नाही, अशा एखाद्या शब्दात आहे. तो शब्द चुकला की सारेच चुकले.

आम्ही म्हणालो, "बिल्बोला त्याची कीव आली." एक मुलगा हसला. त्याचे काही चुकले नाही. मराठीत कीव वरून खाली येते, तिच्यात तुच्छता असते. 'दया' म्हणावे, तर मिस्सेच्या प्रारंभी आपण ती प्रभूकडे मागतो. ती थोराने लहानाला द्यावयाची वस्तू, आणि अंधारात चाचपडणारा बिल्बो काही गॉलमहून थोर नाही. 'करुणा' उदात्त, पण पोरांच्या ओठांवर नसलेली. आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ थांबलो. मग आठवला शुभवर्तमानातला भला शोमरोनी. वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला पाहून त्याला काय आले, म्हणून विचारताच धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाणाऱ्या दोघी एकदम म्हणाल्या, "कळवळा!" तेथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आतडी हलणे असा आहे, आणि 'कळवळा' या मराठी शब्दातही पोटातली कळ ऐकू येते. ज्यांनी कोणी तो शब्द मराठी बायबलमध्ये प्रथम योजला त्यांनी एका इंग्रजी हॉबिटची सोय करून ठेवली होती. "बिल्बोचा जीव कळवळला," असे वाचले. या वेळी कोणी हसले नाही, आणि कुणी काही विचारलेही नाही.

येथे आपल्या धर्मग्रामातील पालकांची एक शंका ध्यानात घ्यावी लागते. जादूची, राक्षसांची पुस्तके मुलांना द्यावीत काय, असे आम्हांस वारंवार विचारले जाते. मूळ पुस्तकाची शंका आम्हांस वाटत नाही. ज्या माणसाने इंग्रजी 'जेरुसलेम बायबल'साठी योनाच्या पुस्तकावर काम केले, त्याच्या मनात माशाच्या पोटातला संदेष्टा आणि गुहेतला हॉबिट शेजारी शेजारीच राहत असणार. शंका घ्यावयाची तर अनुवादाच्या शब्दांची घ्यावी. गॅन्डाल्फला मांत्रिक करणारे पुस्तक मुलाच्या मनात गावच्या मांत्रिकाला मानाचे आसन देते. तिसऱ्या दिवसापासून आम्ही त्याला 'ज्ञानी म्हातारा' म्हटले. ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातील 'तीन ज्ञानी' मुलांना ठाऊक होतेच. इंग्रजी शब्दाचे मूळही 'वाइज', म्हणजे शहाणा, यातच आहे. स्पॅनिशला जे आयते मिळाले ते असे अंमळ वळसा घेऊन आमच्याही हाती आले.

एक कोडे मात्र आम्हांस सुटले नाही. गुहेत बिल्बो आणि गॉलम एकमेकांना यमकातली कोडी घालतात, आणि कोड्यांचा तो भाग मुलांना सगळ्यांत आवडला; दात, वारा, अंडे, मासा ही उत्तरे त्यांनी बिल्बोच्या आधी दिली. अडले ते डेझीच्या फुलांवर पडलेल्या उन्हाचे. आकाशाच्या डोळ्याने रानातला डोळा पाहावा, अशी ती कल्पना. आणि 'डेझी' या इंग्रजी नावातच दिवसाचा डोळा दडलेला आहे, जो स्पॅनिश 'मार्गारीता'लाही देता येत नाही. आमच्याकडे डेझी नाही. सूर्यफूल घ्यावे तर नावातच उत्तर फुटते. शेवंतीचा हंगाम निराळा, झेंडू म्हटले की दसरा येतो. शेवटी मागच्या रांगेतला कोलामी घरातला मुलगा, जो तीन दिवसांत फारसा बोलला नव्हता, म्हणाला की पऱ्हाटीचे फूल घ्या. ते पहिल्या दिवशी पिवळे उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते. बाहेर रस्त्यापलीकडे ते त्या वेळी फुललेलेच होते. यमक अजून जुळलेले नाही.